'हाय रिस्क' रिपोर्टनंतर पैसे भरण्याआधी केसांची गोळी आठवा

गरोदरपणातल्या डबल मार्कर या रक्ततपासणीचा रिपोर्ट 'हाय रिस्क' आला की घरात पहिला प्रश्न निघतो, पुढची तपासणी केवढ्याला? पुण्यात सदाशिव पेठेत टिळक रस्ता ते पेरुगेट चौकशी केलीत तर ढोबळ हिशेब असा: डबल मार्कर १,५०० ते ३,५०० रुपये, एनआयपीटी (रक्तातून होणारी डीएनए तपासणी) १०,००० ते २५,०००, गुणसूत्रांसह गर्भजल तपासणीही जवळपास तेवढ्यालाच. त्याआधीचा एक प्रश्न मात्र फुकट आहे: केस गळतात म्हणून बायोटिन चालू आहे का?

शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांच्या गोळीच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत '१० मि.ग्रॅ.' लिहिलेलं असतं, म्हणजे तीनशेपटींहून जास्त! रक्ततपासणीच्या काही किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन ही जोडी डिंकासारखी वापरतात. रक्तातच बायोटिन भरपूर असलं की ते चिकटायची जागा अडवतं आणि आकडे चुकतात. डबल मार्करमध्ये 'पॅप-ए' आणि बीटा-एचसीजी हे दोन घटक मोजतात. 'पॅप-ए' खोटंच कमी दिसलं तर धोका उगाच वाढलेला दिसतो. बीटा-एचसीजी कमी दिसलं तर डाउन सिंड्रोमचा खरा धोका झाकला जातो. मला याचीच जास्त भीती वाटते, कारण 'लो रिस्क' रिपोर्ट सहसा कोणी पुन्हा तपासत नाही. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्येच बायोटिनमुळे चुकणाऱ्या रक्ततपासण्यांबद्दल इशारा दिला होता. नव्या अनेक किटमध्ये हा दोष कमी झालाय, म्हणून लॅबला थेट विचारा: तुमच्या किटला बायोटिनचा अडथळा येतो का?

गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस थांबवा आणि मग पुन्हा रक्त द्या. फॉलिक अ‍ॅसिड किंवा लोहाची गोळी स्वतःहून बंद करू नका. डबल मार्कर १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होतो, तेव्हा रेंगाळू नका. ती मुदत टळली तर १५ आठवड्यांपासून क्वाड्रुपल ही रक्ततपासणी करता येते.

रिपोर्टवरचं वजन, सोनोग्राफीची तारीख, जुळं, मधुमेह, आयव्हीएफ या नोंदीही स्वतः वाचा. ५८ किलोचे ८५ झाले तरी धोक्याचा आकडा बदलतो. ही दुरुस्ती बहुधा नव्याने रक्त न घेता होते, आणि चूक लॅबची असेल तर तिचे पैसे देऊ नका.

एनआयपीटी डीएनएवर चालते, तिला बायोटिनची अडचण नाही. पण तीही चाळणीच आहे. पक्कं निदान गर्भजल किंवा वारेच्या तपासणीतूनच होतं.

रक्त द्यायला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या आणि त्यांची नावं फॉर्मवर लिहायला लावा.