दम, दमा आणि फ्लू

‘दम’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत तुम्ही ‘दम लेना’ म्हणता, मराठीत ‘दम घेणे’ म्हणतात. उर्दूत ‘दम घुटता है’, मराठीत ‘दम कोंडतो’. उर्दूत नाकात दम येतो, तेथे मराठी माणसाच्या मात्र नाकी नऊ येतात! फारसीतील हा शब्द दोन्ही भाषांनी आपलासा केला. दम म्हणजे श्वास. ज्या रोगात हा श्वासच अडतो, त्याचे नावही दोन्ही भाषांत एकच आहे. ते म्हणजे दमा.

तुमच्या वर्गात दम्याचा एखादा विद्यार्थी असेल. कदाचित तो तुम्ही स्वतःच असाल. एरवी तो तुमच्याबरोबर शिकतो, हसतो, खेळतो. पण तीव्र दमा असलेल्या माणसाला फ्लूचा ताप आला, तर काय होते? घरच्यांनी आणि सोबत्यांनी तेव्हा काय करावे? आज आपण हे समजून घेऊ.

आधी एक छोटा प्रयोग करा. सरबत पिण्याची बारीक नळी ओठांत धरा. दुसऱ्या हाताने नाक बंद करा आणि केवळ नळीतून श्वास घ्या व सोडा. अर्ध्या मिनिटातच तुम्ही नळी फेकून द्याल. दम्याच्या रुग्णाला ही नळी फेकता येत नाही, कारण ती त्याच्या छातीतच असते. आपल्या फुप्फुसांत श्वासनलिकांच्या असंख्य फांद्या आहेत. दम्यात या नलिकांचे आतले अस्तर सुजलेले राहते. धूळ, धूर, थंडी किंवा सर्दी यांचे निमित्त होते आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. त्यात चिकट कफ भरतो. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडखळते. छातीतून जी शिट्टी ऐकू येते, ती या अडलेल्या हवेची.

आपल्या गोंदियात अशी निमित्ते पुष्कळ. दिवाळीच्या आसपास धान कापले जाते, बांधीत पुंजणे रचले जातात आणि पुढे चुरणी सुरू होते. तेव्हा तणसाची धूळ गावभर उडते. राईस मिलजवळ राहणाऱ्यांना कोंड्याची ओळख सांगायला नको. सकाळी दाराबाहेर वाळत घातलेला कपडा संध्याकाळी झटकूनच घ्यावा लागतो. पाठोपाठ थंडी येते. विदर्भातील सर्वांत कमी तापमान कितीतरी वेळा गोंदियातच नोंदले जाते. मग शेकोट्या पेटतात आणि धूर होतो. याच दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, फ्लूची साथ येते. ती पुन्हा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये, डोके वर काढते.

फ्लूचे पूर्ण नाव इन्फ्लुएन्झा. हा इटालियन शब्द आहे. त्याचा अर्थ प्रभाव. ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने ही साथ येते, असे जुन्या काळी तेथील लोक मानत. आज आपल्याला माहीत आहे, की तो एक विषाणू आहे. खोकल्यातून व शिंकेतून उडणाऱ्या तुषारांबरोबर तो पसरतो. साधे पडसे, ज्याला तुम्ही जुकाम म्हणता, ते हळूहळू येते. फ्लू मात्र अचानक गाठतो. सकाळी ठीक असलेला मुलगा संध्याकाळी तापाने फणफणतो, डोके व अंग ठणकते, कोरडा खोकला सुरू होतो.

हा आजार किरकोळ समजू नका. १९१८ साली तो मुंबई बंदरातून देशात शिरला आणि रेल्वेच्या मार्गांनी आत आत पसरला. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. गोंदिया तेव्हा मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होते आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक होता. अलीकडची गोष्ट म्हणजे २००९ ची. त्या वर्षी ‘स्वाइन फ्लू’ आला. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी या रोगाने दगावली. या साथीतला भारतातील तो पहिला मृत्यू. पुण्यातील शाळा बंद झाल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. तो विषाणू गेलेला नाही. आता तो दरसाल येणाऱ्या फ्लूच्या विषाणूंपैकीच एक झाला आहे. २००९ मध्ये फ्लूमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना आधीपासून कोणते आजार होते, हे अनेक देशांत पाहण्यात आले. त्यांत दमा ठळकपणे आढळला. याचे कारण सोपे आहे. श्वासनलिकांच्या ज्या अस्तराला दम्याने आधीच सूज आणलेली असते, त्याच अस्तरावर हा विषाणू हल्ला करतो.

आमच्या शाळेत नववीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला लहानपणापासून तीव्र दमा. रोज सकाळ-संध्याकाळ तिला पंप ओढावा लागे. तो पंप दप्तराच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेला असे. कोणाला दिसू द्यायचा नाही, अशी दादींची ताकीद होती. “मुलीची जात आहे, उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील?” असे त्या म्हणत. एका जानेवारीत मुलीला फ्लू झाला. ताप चढताच अम्मीने पंप उचलून कपाटात ठेवले. तापात हे औषध गरम पडते, शिवाय पंपाची सवय लागते, असे तिने चार जणींकडून ऐकले होते. दोन दिवस काढा आणि वाफारा चालला. तिसऱ्या रात्री मुलगी उठून बसली. तिला आडवे होता येईना. बोलायला जावे तर ‘अम्मी’ या शब्दापुढे वाक्य सरकेना. अब्बा राईस मिलमध्ये रात्रपाळीला होते. शेजारच्या चाचांनी ऑटो काढला म्हणून ती वेळेत दवाखान्यात पोहोचली. तेथे प्राणवायू लावला, यंत्राने औषधाची वाफ दिली. आठ दिवसांनी ती घरी आली.

अम्मीने जे केले, ते मायेपोटी केले. पण तिने ऐकलेली गोष्ट खरी नव्हती. दम्याचे पंप दोन प्रकारचे असतात. एक आराम देणारा. तो बहुधा निळ्या रंगाचा असतो. आवळलेले स्नायू तो काही मिनिटांत सैल करतो. दुसरा रोजचा. तो आतली सूज हळूहळू उतरवतो. त्याचा परिणाम लगेच जाणवत नाही, म्हणून लोकांना तो बिनकामाचा वाटतो आणि पहिल्यांदा तोच बंद होतो. त्याची सवय लागत नाही. त्यातील औषधाची मात्रा गोळीच्या मानाने अगदी थोडी असते आणि ती थेट छातीत जाते. फ्लू आला असताना हा पंप बंद करणे म्हणजे पावसाच्या तोंडावर घरावरचे कवेलू उतरवण्यासारखे आहे. नुसत्या निळ्या पंपावर भागवणेही योग्य नाही, कारण त्याने सूज उतरत नाही. जाता जाता सांगतो, भारतात असे पंप बनवण्यात मुंबईची सिप्ला ही कंपनी आघाडीवर राहिली. १९३५ साली ती स्थापन करणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे ख्वाजा अब्दुल हमीद.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी त्या मुलीला एक कागद लिहून दिला. अम्मीला फक्त उर्दू वाचता येई. म्हणून मुलीने त्याचा उर्दूत तरजुमा केला आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. त्याचे तीन भाग होते. पहिल्या भागात बऱ्या दिवसांचे औषध होते. रोजचा पंप चुकवू नये व तो घेतल्यावर चूळ भरावी, असे त्यात लिहिले होते.

दुसरा भाग ताप येण्याच्या दिवसाचा होता. ताप येताच, दम लागण्याची वाट न पाहता, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फ्लूच्या विषाणूवर ओसेल्टामिव्हिर नावाचे औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते. ते डॉक्टरच देतील. फ्लू विषाणूमुळे होतो, म्हणून अँटिबायोटिक गोळ्यांनी तो बरा होत नाही. औषधाच्या दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत. तापाला पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन मुलांना फ्लूमध्ये मुळीच देऊ नये. काही रुग्णांचा दमा तर ॲस्पिरिन व तिच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी उसळतो. वाफाऱ्याने दमा उतरत नाही. उलट उकळते पाणी सांडून मुले भाजतात. खोलीत लोबान, अगरबत्ती किंवा डासांची कॉइल लावू नये. घरात विडी ओढणारे वडीलधारे असतील, तर त्यांना हे अदबीने सांगावे लागेल. रमजानचे दिवस असतील, तर आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहेच. एरवी रोजच्या पंपाच्या वेळा सहरी व इफ्तारशी जुळतात का, हे डॉक्टरांना रमजानपूर्वीच विचारून ठेवावे.

तिसरा भाग तिने लाल शाईने लिहिला. वाक्य पुरे करता येत नाही, ओठ किंवा नखे निळसर दिसतात, प्रत्येक श्वासाला गळ्याजवळचा खड्डा व बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, निळ्या पंपाचा आराम चार तासही टिकत नाही. यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी घरी थांबू नये. एक खूण फसवी आहे. छातीतील शिट्टी अचानक बंद होते आणि घरच्यांना वाटते, की बरे वाटू लागले. पण रुग्ण थकून सुस्त झाला असेल, तर नलिकांतून हवाच फिरत नाही म्हणून आवाज थांबलेला असतो. ही सर्वांत धोक्याची वेळ होय.

दवाखान्यात जाण्याची तयारी होईपर्यंत काय करावे? रुग्णाला ताठ बसवावे, झोपवू नये. पंप हलवून एक फवारा द्यावा व चार श्वास घेऊ द्यावेत. असे चार फवारे एकामागून एक द्यावेत. चार मिनिटे थांबावे. फरक नसेल, तर पुन्हा चार द्यावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर फोन करावा आणि वाटेतही पंप चालू ठेवावा. एके काळी गंभीर रुग्णाला घेऊन नागपूरची गाडी पकडण्यावाचून बहुतेकांना गत्यंतर नसे. २०१६ पासून गोंदियातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

फवारा थेट तोंडात मारला, तर बरेचसे औषध घशातच राहते. म्हणून पंपाला ‘स्पेसर’ नावाची पोकळ नळी जोडतात. ती नसेल तर? १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या डॉक्टरांनी याची परीक्षा घेतली. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला त्यांनी पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडले, पंप त्यात घट्ट बसवला आणि बाटलीचे तोंड मुलांच्या तोंडाला लावले. ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. रेल्वेच्या फलाटावर आपण जी रिकामी बाटली फेकतो, तीच ही! मात्र भोकाभोवती फट राहू देऊ नये.

मृग नक्षत्र लागले, की आपल्याकडची काही माणसे जिवंत मासा गिळायला हैदराबादला जातात. त्याने दमा बरा होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. त्यापेक्षा त्याच सुमारास, पावसाळ्यापूर्वी, फ्लूची लस घेतली तर बरे. हा विषाणू सारखे रूप बदलतो, म्हणून लसही बदलते आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. तिचा परिणाम होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. ती सर्व सरकारी दवाखान्यांत फुकट मिळेलच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस तयार केली होती. अशा लसीत अशक्त केलेला पण जिवंत विषाणू असतो. तीव्र दमा असलेल्यांना ती देत नाहीत. त्यांच्यासाठी इंजेक्शनचीच लस असते. लस घेण्यापूर्वी “मला दमा आहे” हे तीन शब्द स्पष्ट सांगावेत.

ती मुलगी पुढे दहावी झाली. पंप आता तिच्या कंपासपेटीत असतो. वर्गात कोणी विचारले, तर ती झाकण काढून तो कसा चालतो, हे दाखवते. दादींनी मात्र अजून तरजुमा केलेल्या कागदावर आपले मत दिलेले नाही. पण तो भिंतीवरून सुटू लागला, तेव्हा त्यांनीच पीठ कालवून तो पुन्हा चिकटवला.

स्वाध्याय

१. पाठात आलेले ‘दम’ शब्दाचे मराठी वाक्प्रचार शोधा. घरी बोलले जाणारे उर्दू वाक्प्रचार त्यांच्याशेजारी लिहा.
२. छातीतील शिट्टी थांबणे ही खूण फसवी का आहे?
३. अम्मीने पंप कपाटात का ठेवले? तुम्ही तेथे असता, तर अम्मीला आणि दादींना काय सांगितले असते? दहा ओळी संवाद लिहा.
४. घरी किंवा शेजारी दम्याचा रुग्ण असल्यास त्याच्या डॉक्टरांचा कागद मागून घ्या. त्याचे मराठीत व उर्दूत सुवाच्य अक्षरांत पत्रक करून त्यांना द्या.