कवचाचा चुना येतो कुठून?

प्रश्न : आमच्या परसात सात-आठ कोंबड्या आहेत. ज्वारी, बाजरी, उकिरड्यावरचे किडे, एवढंच खातात. तरी अंड्याला इतकं टणक कवच येतं कुठून? आणि उन्हाळ्यात तेच बोट लावताच तडकेल इतकं पातळ का होतं? सासूबाई टरफलं चुरून घालतात, त्याचा उपयोग होतो का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीत असतं तेच. एका कवचात २ ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण कोंबडीच्या अख्ख्या अंगात ते २० ग्रॅमच्या आसपासच असतं. फार्मवरची लेअर वर्षाला ३०० अंडी देते, म्हणजे सांगाड्यात आहे त्याच्या तिसेक पट कॅल्शियम तिच्यातून बाहेर पडतं.

पंचाईत अशी, की कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा, कोंबडी खुराड्यात उपाशी बसलेली असते तेव्हाचा. याची तजवीज इस्ट्रोजेन आधीच करून ठेवतं. तलंग वयात आली, की पहिल्या अंड्याच्या दोनेक आठवडे आधी हे हार्मोन तिच्या मांडीच्या आणि नळीच्या हाडांच्या पोकळीत हाडाचीच बारीक जाळी विणायला लावतं. ही जाळी वजन पेलण्यासाठी नसतेच, ती कणगी. रात्री रक्तातलं कॅल्शियम घसरलं, की गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन कणगीतून माल काढायला लावतं. शिवाय ते मूत्रपिंडाकडून ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप तयार करून घेतं, आणि मग आतडं खाद्यातलं कॅल्शियम जास्त ओढून घेतं. दिवसा चरून आली, की कणगी पुन्हा भरते. भरलीच नाही, तर पाळी खऱ्या हाडांवर येते; पिंजऱ्यातल्या लेअर पायांवर उभ्या राहीनाशा होतात, त्या यामुळेच.

(जाता जाता : जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांना अशीच जाळी अमेरिकेतल्या माँटानात सापडलेल्या टी. रेक्स डायनासोरच्या मांडीच्या हाडात दिसली. २००५ साली त्यांनी ते जाहीर केलं. डायनासोर मादी होती हे त्यावरून ओळखलं. तुमच्या खुराड्यातला वारसा असा जुना आहे.)

आता उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्या धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, आणि कवचातला कार्बोनेट त्याच्यापासूनच होतो. कॅल्शियम असून भागत नाही, जोडीदार कमी पडतो. त्यात उकाड्यानं खाणंही घटतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत संशोधकांनी तापलेल्या कोंबड्यांना चक्क सोडा वॉटर पाजलं आणि कवच सुधारलं! तुम्ही सोड्याच्या बाटल्या आणू नका. सावली आणि माठातलं गार पाणी पुरे.

सासूबाईंचं बरोबर आहे. फक्त टरफलं तव्यावर भाजून घ्या आणि ओळखू येणार नाहीत अशी चुरा, नाहीतर कोंबड्यांना स्वतःची अंडी फोडून खायची चटक लागते. मात्र अगदी पीठ करू नका. चिकनवाल्याकडे कलेजीबरोबर जो पेठा मिळतो, त्यात जाडसर कण अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात, म्हणजे नेमके हवे तेव्हा. तेव्हा हा चुरा, किंवा शिंपल्यांचा, संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवा ती खाईल. अंडी न घालणाऱ्या लहान तलंगांच्या खाद्यात मात्र तो मिसळू नका. इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.