शिंपल्यांची आवक आणि बाजारभाव : युरोपीय मच्छीमारांचा अनुभव

समुद्रातून जितका माल अधिक निघेल तितकी मच्छीमाराची मिळकत अधिक, हा हिशेब वरवर पाहता बिनचूक वाटतो. युरोपच्या किनाऱ्यावरील शिंपले आणि कोळंबी यांच्या व्यवसायाने मात्र तो गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा खोटा ठरविला आहे. ज्या वर्षी जाळी भरभरून आली त्याच वर्षी नौका बंदरात नांगरून ठेवण्याची पाळी काही ठिकाणी आली; तर जेथे मासेमारीचा अवधी तासांवरून मिनिटांवर आणला गेला, तेथे लहान नौकाधारकांचा संसार टिकून राहिला. असे का झाले, याचा विचार किनारपट्टीवरील लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी या सर्वांना उपयुक्त ठरेल.

मालाचे विशेष

कवचधारी जलचरांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. कालवे, तिसऱ्या, शिनाणे आणि पंख्याच्या आकाराचा स्कॅलप नावाचा मोठा शिंपला हे पहिल्या वर्गातील होत. कोळंबी, खेकडे व शेवंड हे दुसऱ्या वर्गातील. दोहोंची बाजारपेठ माशांच्या बाजारपेठेहून काहीशी वेगळी आहे, आणि त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे माल फार नाशवंत आहे. शिंपले जिवंत असतानाच ग्राहकाच्या हाती पडावे लागतात. त्यामुळे आज भाव पडला म्हणून माल आठवडाभर राखून ठेवण्याची सोय मच्छीमाराजवळ नसते. दुसरे कारण मागणीचे. ही मागणी वर्षभर सारखी नसते. फ्रान्समध्ये कालवे व स्कॅलप हे नाताळ आणि नववर्षाच्या जेवणातील मानाचे पदार्थ असल्याने त्या पंधरवड्यात मागणी एकदम उसळते व नंतर ओसरते. तिसरे कारण आरोग्यविषयक नियमांचे. युरोपीय समुदायाने १९९१ साली शिंपल्यांच्या विक्रीसाठी नियम घालून दिले. त्यांनुसार शिंपल्यांच्या क्षेत्रांची पाण्याच्या शुद्धतेप्रमाणे वर्गवारी केली जाते. उत्तम क्षेत्रातील शिंपले सरळ बाजारात जातात, मध्यम क्षेत्रातील शिंपले आधी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवून शुद्ध करावे लागतात. साहजिकच किनाऱ्यावरील गावाचे सांडपाणी कोठे सोडले जाते, यावरही मच्छीमाराला मिळणारा भाव अवलंबून असतो.

सँ-ब्रियोचा उपसागर

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर सँ-ब्रियोचा उपसागर आहे. याच प्रांतातील ब्रेस्ट बंदराच्या खाडीत पूर्वी स्कॅलपचा मोठा व्यवसाय चाले. १९६२-६३ च्या अतितीव्र हिवाळ्यानंतर तेथील साठा कोसळला आणि पुढे तो पूर्वपदावर आला नाही. साहजिकच मच्छीमारांचे व व्यापाऱ्यांचे लक्ष सँ-ब्रियोकडे वळले. १९७२-७३ च्या हंगामात तेथील उत्पादन १२ हजार टनांवर गेले. पाहता पाहता चारशेहून अधिक नौका या एकाच उपसागरात उतरल्या. दातेरी लोखंडी चौकटीला कड्यांची जाळी जोडून ती समुद्रतळावरून ओढण्याची पद्धत तेथे आहे. इतक्या नौकांनी तळ खरवडल्यावर उत्पादन घटू लागले, यात आश्चर्य नाही.

यावर दोन उपाय योजले गेले. पहिला वैज्ञानिकांचा होता. जपानमध्ये समुद्रात जाळीच्या पिशव्या टांगून त्यांवर स्कॅलपची पिल्ले चिकटवून घेतात आणि ती वाढल्यावर तळावर सोडतात, हे फ्रेंच संशोधकांनी पाहिले होते. तोच प्रयोग सँ-ब्रियो येथे करण्यात आला. मच्छीमारांच्या प्रतिनिधींनी त्यास संमती दिली. पिल्ले सोडलेला भाग राखीव ठेवण्याचे ठरले. पण एका वर्षी ऐन नाताळच्या तोंडावर, बाजारभाव चढलेला असताना, काही मच्छीमारांनी त्या राखीव भागात शिरून तो लुटला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल कालों यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या घटनेचे विवेचन केले असून समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमांत तो निबंध आजही वाचला जातो. प्रतिनिधींनी दिलेला होकार म्हणजे सर्व सभासदांचा होकार नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. ज्यांनी जाळी बाहेर ठेवायची होती त्यांना प्रयोगातून स्वतःला केव्हा व किती लाभ होणार हे पटलेले नव्हते. नाताळचा भाव मात्र डोळ्यांसमोर होता.

दुसरा उपाय व्यवस्थापनाचा होता, आणि तोच अखेर टिकला. १९७३ पासून परवाना पद्धती सुरू झाली व नौकांची संख्या हळूहळू मर्यादित करण्यात आली. १९८४ साली स्थापन झालेली इफ्रेमेर ही राष्ट्रीय समुद्रसंशोधन संस्था दरवर्षी हंगामापूर्वी उपसागराची पाहणी करून पकडण्याजोगा साठा किती आहे, याचा अंदाज मांडते. त्या अंदाजावरून हंगामात किती टन माल काढावयाचा, हे मच्छीमारांच्या समितीशी विचारविनिमय करून ठरते. ऑक्टोबर ते वसंत ऋतू या हंगामात आठवड्यातून साधारणतः दोनच दिवस, आणि तेही खेपेस अवघी ४५ मिनिटे जाळे ओढण्याची मुभा असे. प्रारंभाची व समाप्तीची वेळ सर्व नौकांना एकच, आणि वर देखरेखीचे विमान. ठराविक आकाराहून लहान शिंपले पुन्हा समुद्रात टाकावे लागतात. जाळीच्या कड्यांचा व्यासही असा ठेवलेला असतो की लहान शिंपले आपोआप निसटून जावेत.

या व्यवस्थेचा बाजाराशी घनिष्ठ संबंध आहे. पकडलेला माल एर्की आणि सँ-के-पोर्त्रियो येथील लिलावगृहांतून विकण्याचे बंधन आहे. प्रत्येक नौकेचे वजन तेथे नोंदले जात असल्याने मर्यादेचे उल्लंघन लपत नाही, हा एक लाभ. दुसरा लाभ असा की कोणत्या दिवशी किती माल येणार याचा अंदाज खरेदीदारांना आधीच असतो, आणि एकाच आठवड्यात सर्व साठा बाजारात ओतला जाऊन भाव कोसळत नाही. नियम जाचक असले तरी ते सर्वांना सारखे लागू आहेत, ही भावना त्यामागे आहे. अलीकडच्या काही वर्षांत तेथील साठा लक्षणीय वाढल्याचे वार्षिक पाहणीत आढळून आले आहे.

शेजारी नियमाबाहेर असल्यास

संयम एकाच बाजूने पाळून भागत नाही, हे सेन उपसागरातील प्रसंगाने दाखवून दिले. फ्रेंच मच्छीमारांना तेथे १ ऑक्टोबरपूर्वी स्कॅलप पकडण्यास मनाई होती. ब्रिटिश नौकांवर त्यांच्या देशाच्या कायद्याने तसे बंधन नव्हते. काही वर्षे आपसांतील करारानुसार मोठ्या ब्रिटिश नौका उन्हाळ्यात दूर राहत, परंतु १५ मीटरांहून लहान नौका करारातून वगळलेल्या होत्या. आपण राखलेला माल दुसऱ्याने आधीच नेऊन विकावा, हे फ्रेंच मच्छीमारांना सहन झाले नाही. २८ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ३५ फ्रेंच नौकांनी ५ ब्रिटिश नौकांना घेरले. दगडफेक झाली, नौका एकमेकींवर आदळल्या. पुढे दोन्ही देशांच्या सरकारांना वाटाघाटींस बसावे लागले.

उत्तर समुद्रातील कोळंबी

नेदरलँड्स, जर्मनी व डेन्मार्क यांच्या किनाऱ्यालगत करड्या रंगाची बारीक कोळंबी मिळते. ती नौकेवरच समुद्राच्या पाण्यात उकळतात. तिच्या पकडीवर युरोपीय संघाने वार्षिक टनांची मर्यादा घातलेली नाही. ही कोळंबी हाताने सोलावी लागते, आणि युरोपातील मजुरी परवडत नसल्याने बराचसा माल शीतवाहनांतून मोरोक्कोला पाठवून तेथे सोलून परत आणला जातो. इतका लांबचा व्यवहार सांभाळू शकणारे व्यापारी मोजकेच असल्याने विकणारे शेकडो आणि घेणारे थोडे, अशी तेथील बाजाराची स्थिती आहे.

या स्थितीचे परिणाम भावाच्या चढउतारांत दिसतात. २०११ साली कोळंबी मुबलक मिळाली आणि भाव किलोमागे दीड युरोच्या आसपास उतरला. इंधनाचाही खर्च निघेना, म्हणून त्या वसंत ऋतूत मच्छीमारांनी नौका बंदरातच उभ्या करून ठेवल्या. २०१६ साली कोळंबी दुर्मिळ झाली तेव्हा भाव दहा युरोंच्या घरात गेला. ज्यांच्या जाळ्यात थोडेफार आले त्यांची चंगळ झाली, पण ग्राहकांनी पाठ फिरविली. २०१८ साली पुन्हा विपुल उत्पादन झाले, शीतगृहे भरली आणि भाव परत घसरला. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे मोरोक्कोतील सोलण्याचे काम मंदावले, तेव्हा समुद्रात कोळंबी असूनही तिला उठाव राहिला नाही.

भावाची ही अस्थिरता टाळण्यासाठी मच्छीमार संघटना व घाऊक व्यापारी यांनी पूर्वी आपसांत किमान भाव व पकडीची मर्यादा ठरविली होती. नेदरलँड्सच्या स्पर्धा नियंत्रण यंत्रणेने तो करार बेकायदा ठरवून २००३ साली दंड केला. पुढे २०१३ साली युरोपीय आयोगाने कोळंबीच्या चार व्यापारी कंपन्यांना संगनमताबद्दल एकूण सुमारे २ कोटी ८७ लाख युरोंचा दंड ठोठावला. साठा टिकविण्यासाठी पकड मर्यादित करणे आणि ग्राहकाकडून अधिक पैसे काढण्यासाठी ती मर्यादित करणे, या दोहोंत कायदा भेद करतो. नंतर मच्छीमारांनी वेगळा मार्ग धरला. ताशी मिळणारी कोळंबी ठराविक पातळीखाली गेली की आठवड्यातील मासेमारीचे तास आपोआप कमी करावयाचे, अशी योजना त्यांनी आखली, आणि तिच्या आधारे २०१७ साली शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळविले.

गॅलिशियातील स्त्रिया

स्पेनच्या वायव्येकडील गॅलिशिया प्रांतात ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या वाळूत तिसऱ्यांसारखे शिंपले वेचण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. पूर्वी हे काम घरखर्चाला हातभार एवढ्याच दृष्टीने पाहिले जाई. कोणीही यावे, हाताला लागेल तेवढे न्यावे आणि दलाल देईल तो भाव घ्यावा, अशी रीत होती. १९९० नंतरच्या दशकात प्रांतिक शासनाने वैयक्तिक परवाने सुरू केले. स्थानिक मच्छीमार मंडळे दरवर्षी आराखडा तयार करतात. कोणत्या वाळूपट्ट्यावर कोणत्या दिवशी उतरावयाचे, प्रत्येकीने किती किलो वेचावयाचे, हे त्यात ठरलेले असते. माल मंडळाच्या लिलावगृहात विकला जातो. पट्ट्यांची साफसफाई, बीजशिंपल्यांची पेरणी व राखण ही कामेही याच स्त्रिया आळीपाळीने करतात. विक्रीची अधिकृत नोंद होऊ लागल्याने त्यांना सामाजिक विम्याचा आधार मिळाला.

मात्र चांगली व्यवस्था निसर्गाच्या आघातापुढे पुरी पडतेच असे नाही. २०१२ पासून एका परजीवीने आरोसा खाडीतील शिंपल्यांच्या एका मुख्य जातीचा मोठा संहार केला, तर २०२३ च्या अखेरीच्या अतिवृष्टीने खाड्यांचे पाणी गोडे होऊन शिंपले मोठ्या प्रमाणावर मेले. माल नसला की चढा भावही हाती काही देत नाही.

शासनाच्या आधाराची बदलती दिशा

युरोपीय समुदायाने १९७० साली मासळी बाजारासाठी सामाईक धोरण स्वीकारले. ठराविक पातळीखाली भाव गेल्यास उत्पादक संघटनांनी माल बाजारातून काढून घ्यावा व त्याची भरपाई मिळावी, अशी तरतूद त्यात होती. या पद्धतीत चांगले अन्न वाया जाते आणि अधिक पकडण्याचा मोह कायम राहतो, असा अनुभव आला. २०१४ पासून ती बंद करून उत्पादक संघटनांनी उत्पादन व विक्री यांच्या योजना आधीच कराव्यात, यावर भर देण्यात आला. बंदराबंदरांतील भाव सर्वांना समजावेत म्हणून त्यांची नियमित प्रसिद्धीही केली जाते. लहान नौकाधारकाला शेजारच्या बंदरातील कालचा भाव माहीत असणे, ही त्याच्या दृष्टीने मोठी शक्ती होय.

आपल्या किनाऱ्यासाठी

युरोपातील व्यवस्था जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. आपल्याकडील समुद्र उष्ण, जाती अनेक, आणि एकाच जाळ्यात नाना प्रकारची मासळी येते. तरीही या अनुभवांचे सार परके नाही. केरळातील अष्टमुडी खाडीतील तिसऱ्यांच्या व्यवसायाला बंद हंगाम व जाळीच्या आकाराचे नियम पाळल्यामुळेच २०१४ साली शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. भारतातील तो पहिला मान होता. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, पावसाळी बंदी आहे, आणि २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान निश्चित करण्यात आले आहे.

नियम कागदावरून किनाऱ्यावर येण्यास वरील उदाहरणांतील तीन गोष्टी आवश्यक दिसतात. पहिली म्हणजे नोंद : दररोज किती माल आला व कोणत्या भावाने गेला, हे सहकारी संस्थेच्या दप्तरात असले पाहिजे. दुसरी म्हणजे समानता : बंधन एकाला आणि मुभा दुसऱ्याला, असे झाल्यास ते बंधन फार काळ टिकत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे संमती. खाडीत शिंपले वेचणाऱ्या स्त्रीपासून यांत्रिक नौकेच्या तांडेलापर्यंत प्रत्येकाला आजच्या संयमाचा उद्याचा लाभ आपल्याच घरी येणार आहे, हे समजावून द्यावे लागते. हे काम केवळ आदेशाने होत नाही. ग्रामसभेत, शाळेत आणि संस्थेच्या बैठकीत त्याची चर्चा व्हावी लागते. सँ-ब्रियोच्या मच्छीमारांनी एका नाताळाच्या भावासाठी राखीव भाग लुटला, आणि पुढे तेथीलच मच्छीमारांनी पाऊण तासाची मर्यादा मान्य केली. नियम ठरविण्यात त्यांच्या समितीला स्थान मिळाले आणि त्याचा लाभ लिलावगृहातील हिशेबात त्यांना प्रत्यक्ष दिसू लागला, हे या बदलाचे प्रमुख कारण होय.