उर्दू उतारा

छत्रपती संभाजीनगर

प्रिय प्रज्ञा,


काल फोनवर म्हणालीस, "काका, रूममेटनं पर्सेंटाइल विचारलं, मी विषय बदलला." अगं, इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप यादीत नावापुढे प्रवर्ग छापलेला असतो. त्यात लपवायचं ते काय?

त्या प्रवर्गामागे काय आहे ते सांगतो. तुझ्या जात पडताळणीच्या फायलीत एक उर्दू कागद आहे, आजोबांच्या शाळेतल्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा हवा म्हणून मी त्यासाठी तीन खेटे घातले. कारकून म्हणे, रजिस्टर वाळवीनं खाल्लं. चौथ्या खेपेला ते त्याच कपाटात निघालं! उर्दू शाळेतल्या एका निवृत्त सरांनी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं: १३५० फसली, म्हणजे १९४०-४१. नाव, बापाचं नाव, जात. शाळा सोडण्याचं कारण, 'गैरहाजर'. आजोबांना वर्गाबाहेर ओट्यावर बसवायचे, ते काही रजिस्टरात नाही.

निजामाच्या काळात इकडच्या पोरांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे. जून १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज काढलं, तेच आपलं मिलिंद. आजोबांना उशीर झाला होता. मी मात्र १९७४ मध्ये तिथं पोचलो. आणि तुझी ही राखीव जागा कुणाची मेहेरबानी आहे असं कोणी म्हणालं, तर मद्रासचा खटला सांग. सुप्रीम कोर्टानं जातवार जागा रद्द केल्यावर १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून अशा जागांसाठी कलम १५(४) आणावं लागलं. पण रोज वाद घालत बसू नकोस, त्यात सबमिशन राहून जातात.

कट-ऑफ दारापर्यंतच. आत पास व्हायचे गुण सगळ्यांना सारखे. एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या गणितात, गाडी अडली तर सिनियरला गाठ, सरांना गाठ, पण मागच्या बाकावर अंग चोरून बसू नकोस.

आता थोडं टोचणारं. तुझा बाप मास्तर आहे, तुला अभ्यासाला स्वतंत्र खोली होती. ऊसतोडीच्या कोपीतून आलेली मुलगीही तुझ्याच प्रवर्गातून येते. अशी कोणी वर्गात असेल तर नोट्स तिला आधी दे.

महाडीबीटीचा अर्ज भरलास का? उत्पन्नाचा दाखला मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय. मुदत गेल्यावर फोन केलास तर ओरडा खाशील.

तुझा,
मोठा काका