साठला घेतला, ऐंशीला विकला: हातात किती उरले?

‘फ्लॅट ६० लाखांना घेतला, पाच वर्षांनी ८० लाखांना विकला, २० लाख सुटले,’ असं सांगणारा कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतो. त्या २० लाखांतून काय काय वजा व्हायचं राहिलं, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून पुणे महापालिका हद्दीतला, ताबा मिळालेला फ्लॅट धरून हा हिशेब मांडला आहे. घरभाडं, व्याज आणि दलाली यांचे आकडे गृहीत धरलेले आहेत. तिथे तुमचे स्वतःचे घाला.

आधी खरेदी. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ४,२०,००० रुपये. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी) किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर ते लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. एजंटाचा १ टक्का धरला तर ६०,०००. म्हणजे ६० लाखांचा फ्लॅट पहिल्याच दिवशी ६५ लाख १० हजारांना पडला. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. इथे सरळ ६०,००० वाचतात, ते सोडू नका. याच किमतीचा फ्लॅट बांधकाम चालू असताना घेतला तर ५ टक्के जीएसटीचे आणखी ३ लाख जातात आणि ताबा मिळेपर्यंत भाड्याचा एक रुपया येत नाही. भोगवटा पत्र मिळालेल्या इमारतीत बिल्डरकडून घेतला तर जीएसटी लागत नाही.

आता पाच वर्षं. भाडं महिना १५,०००, वर्षात एक महिना घर रिकामं, म्हणजे ८,२५,०००. मेंटेनन्स महिना ३,००० आणि मिळकतकर वर्षाला १५,००० गेला की उरतात ५,७०,०००. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, त्यामुळे बिल आलं की ती ओळ जरूर तपासा.

विकताना एजंटाचे ८०,००० जातात. २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराला महागाईची वजावट नाही. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर आणि त्यावर उपकर. आपल्या १४ लाख १० हजारांच्या नफ्यावर तो साधारण १ लाख ८३ हजार होतो. तो भरून १२ लाख २७ हजार राहिले, त्यात भाड्याचे मिळवून सुमारे १८ लाख. सगळे पैसे स्वतःचे असतील तर हा परतावा वर्षाला जेमतेम ५ टक्के, तोही भाड्यावरचा प्राप्तिकर न धरता.

आणि कर्ज असेल तर? ४५ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ३९,०००. पाच वर्षांत २३ लाख ४३ हजार भरूनही मुद्दल जेमतेम ५ लाख ३४ हजारांनी उतरतं. उरलेले १८ लाख व्याजात जातात. म्हणजे नफा शून्य, आणि स्वतःचे घातलेले २० लाख पाच वर्षं बिनव्याजी अडकले. हे वाचून कुणाला राग आला तरी चालेल, पण इसार देण्याआधी आलेला बरा.

फायदा ठरतो तो मुख्यतः खरेदीच्या दिवशी. किंमत २ लाखांनी कमी करून घेतली तर मुद्रांक शुल्क, दलाली आणि व्याजही त्या प्रमाणात घटतं (रेडी रेकनरची किंमत आड आली नाही तर). म्हणून किंमत कमी करून मिळणारा, जुन्या इमारतीतला, भाडेकरू चटकन मिळेल असा फ्लॅट मला नव्या टॉवरपेक्षा बरा वाटतो.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा आहे. टोकन देण्याआधी इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), वकिलाचा सर्च रिपोर्ट, मिळकतकराची ताजी पावती आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र मागून घ्या. हस्तांतरणासाठी सोसायटीला २५,००० पेक्षा जास्त प्रीमियम मागता येत नाही. ‘देणगी’ म्हणून वरचे मागितले तर लेखी मागा.