डबा आणण्याआधी

मुलीचं वजन वाढलंय म्हणून पावडरीचा डबा आणायला निघाला असाल, तर आईबाबांनो, जरा थांबा. घरातली सुतळी घ्या. मुलीच्या टाचेपासून डोक्यापर्यंत मोजून तिच्या उंचीएवढी कापा, दुमडून निम्मी करा आणि तिच्या कमरेभोवती, बेंबीच्या जरा वर, न आवळता धरा. दोन्ही टोकं सहज जुळली, तर पोटावरची चरबी बेताचीच आहे. टोकं जुळलीच नाहीत, तर मात्र लक्ष द्यायला हवं. पाच वर्षांपुढच्या मुलांना हे माप चालतं आणि मोठ्यांनाही चालतं. म्हणून आधी स्वतःची कंबर मोजा, मग तिची. एकटीलाच उभं करून मोजलंत, तर ते तिच्या मनाला लागेल.

वजनकाट्यापेक्षा मला ही सुतळी जास्त भरवशाची वाटते. त्याचं कारण पुण्याच्याच परिसरात सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. पुढे 2004 साली डॉ. याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला. उंची आणि वजनावरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! म्हणूनच आपल्याकडे मोठ्या माणसाचा बीएमआय 23 च्या पुढे गेला, की डॉक्टर सावध होतात, आणि कमरेची हद्द पुरुषाला 90 व बाईला 80 सेंटिमीटर धरतात.

आपल्या भोर-वेल्ह्यात, हिरडस मावळात, गुंजण मावळात, कानद खोऱ्यात आपल्या आज्या-पणज्यांनी गुडघाभर चिखलात भातलावणी केली आणि अर्धपोटी दिवस काढले. त्या शरीरांची ठेवण आपल्या मुलांकडे आली आहे. पण मुलगा आता शाळेला गाडीने जातो, बाप शिरवळ नाहीतर खेड शिवापूरच्या कंपनीत पाळी करतो, आणि संध्याकाळी येताना हायवेवरून वडापावचं पार्सल येतं. जुन्या ठेवणीच्या शरीराला हे नवं खाणं झेपत नाही. त्यात तुमच्या मुलीचा गुन्हा काय? तेव्हा पाहुण्यांसमोर, लग्नकार्यात तिला ‘जाडी’ म्हणणं आजपासून बंद करा. तुम्ही तर म्हणूच नका, आणि आत्या-मामीला म्हणू देऊ नका. टोमण्याने वजन उतरलेली मुलगी मी पाहिलेली नाही. लपून खाणाऱ्या, नाहीतर जेवण टाकणाऱ्या मुली मात्र पाहिल्या आहेत.

आणखी एक. दहा-बारा वर्षांच्या मुलीला पाळी येण्याआधी थोडं अंग भरतंच. शरीर त्या वेळी पुढच्या उंचीची तयारी करत असतं. या वयात वजन कमी करण्याच्या मागे लागायचं नसतं. वजन आहे तिथेच राहिलं आणि उंची वाढत गेली, तरी मुलगी आपोआप बेतात येते. आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग मोठ्यांसाठी आहे, वाढत्या मुलांसाठी नाही. मोठ्यांनीही महिन्यात आठ-दहा किलो उतरवण्याची जाहिरात पाहून भुलू नये. इतक्या झपाट्याने वजन उतरलं, तर केस गळतात, पित्ताशयात खडे होतात, बायकांची पाळी चुकते आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू झिजले की पुढचं वजन आणखी सहज चढतं.

आता त्या डब्याकडे वळू. मागच्या बाजूचा बारीक छापा उजेडात धरून वाचा. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं इंग्रजीत लिहिलेलं असेल. पूरक आहारावर ते छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांकही असेल. विकणारा नेमकं त्यावर बोट ठेवून ‘सरकारमान्य आहे’ म्हणतो. पण तो परवाना अन्न बनवण्या-विकण्याचा असतो. या पावडरीने वजन उतरतं, असं त्यातून कोणी प्रमाणित केलेलं नसतं. शेक पिऊन काहींचं वजन खरंच उतरतं, हे मी नाकारत नाही. सकाळ-संध्याकाळचं जेवण काढून त्या जागी पेलाभर शेक प्यायल्यावर उतरणारच. शेक थांबला आणि ताट पुन्हा समोर आलं, की ते परतही येतं. मधल्या काळात घरातले हजारो रुपये गेलेले असतात.

‘हर्बल आहे, अपाय नाही’ हे वाक्य तर मला फार धोक्याचं वाटतं. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयाला घातक ठरलं म्हणून 2011 साली भारतात बंद झालं. तेच औषध पुढेही ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग कॅप्सूलमध्ये, नाव न छापता मिसळलेलं, देशोदेशी तपासणीत सापडत राहिलं. गार्सिनिया म्हणून जो अर्क विकतात, तो आपल्या कोकमाच्या दक्षिणेकडच्या भावंडाचा. आमटीतलं आमसूल निर्धास्त घाला, त्याने काही होत नाही. पण त्या अर्काच्या गोळ्या घेतलेल्यांत यकृताला सूज आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांबद्दलही तशीच नोंद आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला ‘फॅट बर्नर’ म्हणून विकलं जाणारं काहीही देऊ नका. अलीकडे वजन उतरवण्याची इंजेक्शनंही आली आहेत. ती खरी औषधं आहेत, त्यांना खरे दुष्परिणाम आहेत, आणि ती कोणाला द्यायची ते डॉक्टर तपासून ठरवतात.

मग पूरक गोळ्या सगळ्याच वाईट का? मुळीच नाही, आणि आजचं माझं खरं सांगणं इथेच आहे. अंगाने भरलेली मुलगी रक्ताने कमी असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. अशी मुलगी जिना चढताना धापा टाकते, खेळाच्या तासाला बाजूला बसते, दुपारी पेंगते. आपण तिला आळशी म्हणतो आणि वजन उतरवण्याचा डबा आणतो. तिला हवं असतं लोह, आणि ते शाळेत फुकट मिळतं. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी ती निळी गोळी. तिच्याबरोबर वर्षातून दोनदा जंताची गोळी. कितीतरी घरांतून ‘गोळीने मळमळतं, घेऊ नको’ असं सांगून मुलांना पाठवतात, आणि त्याच घरात पावडरीचे महागडे डबे फळीवर मांडलेले दिसतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं. गोळी जेवणानंतर घेतली, की मळमळ बहुतेक वेळा कमी होते. शौचाला काळपट होतं, त्याला घाबरू नका. गोळीवर लगेच चहा मात्र देऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी लागतं.

दुसरी उणीव बी-12 ची. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ, आणि हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांत बी-12 कमी निघालं. ज्या आयांच्या अंगात फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरावर सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणाऱ्या बदलांची चाहूल दिसली. याचा अर्थ गरोदरपणातली फॉलिकची गोळी सोडायची असा मुळीच नाही, ती घ्यायलाच हवी. माळकरी घरात बी-12 ही तपासा, एवढाच अर्थ. माळ सोडू नका. डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.

आणि प्रथिनं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पावडरी टाळाच, असं सांगितलं आहे. आपल्या तालुक्यांत त्यांची गरजही नाही. हुलग्यात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा. डोंगरउतारावरच्या नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. इंद्रायणीचा भात बंद करा असं मी सांगणार नाही. भात आपला आहे. पण ताटात भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर आमटी असं वाढू नका. हुलग्याची पिठी, मोड आलेली कडधान्यं, पावसाळ्यात टाकळा नाहीतर कुर्डू वाढा आणि भात एक वाटी कमी करा. सकाळी चहात बुडवलेली खारी हा मुलांचा नाष्टा नाही. रात्रीची भाकरी दह्याबरोबर कुस्करून दिलीत, तरी त्याहून कितीतरी बरं. आणि हे सगळ्या घराने एकत्र खायचं, फक्त ‘तिच्यासाठी वेगळं’ नाही.

मुलग्यांच्या आईवडिलांनाही दोन शब्द. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्याने पळणारी पोरं पाहिली की ऊर भरून येतो. सोळाशे मीटर पळायला रोजचा सराव, झोप आणि पोटभर जेवण लागतं. जिममधून कोणी ‘दम वाढवणारं’ इंजेक्शन देत असेल, तर त्याच दिवशी त्याची चौकशी करा. भूल देताना उतरलेला रक्तदाब चढवायला वापरतात ते मेफेंटरमिन इंजेक्शन जिममधल्या मुलांना विकताना पुण्यात पोलिसांनी माणसं पकडली आहेत. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात.

शंका असेल तर शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना विचारा. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. सुतळीची टोकं खूपच लांब राहत असतील, मानेवर मखमली काळपट पट्टा आला असेल, किंवा पाळी महिनोन्महिने चुकत असेल, तर साखर आणि थायरॉइडबद्दलही विचारा.

डबा आधीच घरात आला असेल आणि मुलगी तो घेत असेल, तर रागावू नका, तो बंद करा. भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळ्यांत पिवळेपणा आला किंवा अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना तो डबा बरोबर न्या. पैसे वाया गेले या लाजेने तो लपवून ठेवू नका. त्यात काय होतं हे कळलं, तरच डॉक्टरांना लवकर उपचार करता येतील.