वाढत्या अंगाचा गेमिंग कॉम्प्युटर: पहिल्यांदाच जोडणाऱ्या पालकांसाठी



पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, पोरगा गेमिंगचा कॉम्प्युटर मागतोय, द्यावा का?" द्यावा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी पुढचं लिहितेय. द्यायचं ठरलंच आणि पैसे बेताचे असले, तर ते कशावर घालायचे? नाहीतर दुकानदार सांगेल तो सेट घरी येतो, दोन वर्षांनी नवा गेम चालत नाही, आणि उघडून बघावं तर आत एकही भाग पुढे वाढवता येण्यासारखा नसतो.

गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो ना? कॉम्प्युटरही तसाच घ्यायचा. म्हणून गेमिंग लॅपटॉप आधी बाजूला ठेवा. त्यातली ग्राफिक्सची चिप मदरबोर्डलाच पक्की जोडलेली असते, ती पुढे बदलता येत नाही.

आता मुलांना न आवडणारी गोष्ट सांगते. सुरुवात ग्राफिक्स कार्डाशिवाय करा. काही प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सचा भाग आतच असतो. एएमडीचा २०२१ सालचा रायझन ५ ५६००जी घ्या. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅट, आणि थंड ठेवणारा पंखा खोक्यातच मिळतो. माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट यावर सेटिंग कमी ठेवून छान चालतात. जीटीए ५ सुद्धा चालतो, पण तो मोठ्या माणसांसाठीचा गेम आहे, एवढं मुलाच्या हाती देण्याआधी बघून घ्या. कार्डाचे पैसे साठले की सहा महिन्यांनी, वर्षानं कार्ड घ्या. तोवर शाळेचं काम, प्रोजेक्ट, टायपिंग काही अडत नाही.

इथे रॅमकडे मात्र नीट लक्ष द्या. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, ते रॅमच वापरतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. एका दारातून वर्ग सोडणं आणि दोन दारांतून सोडणं, एवढा फरक पडतो.

मदरबोर्ड घेताना विचारायचा खरा प्रश्न एकच, "याचं सॉकेट कोणतं, आणि पुढे यावर काय बसेल?" एएमडीचं एएम ४ सॉकेट बघा. २०१७ साली घेतलेल्या कित्येक एएम ४ बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता येतो. पाच वर्षांनी, बोर्ड न बदलता! उलट इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट २०२१ ला आलं आणि २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ हे वेगळंच सॉकेट लागलं. एएम ४ चा प्रवास आता संपत आलाय, हेही खरं. २०२२ पासून एएम ५ आहे आणि त्याला डीडीआर ५ रॅम लागते. डीडीआर ४ ची पट्टी त्यात बसतच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. पैसे अगदी मोजके असतील तर एएम ४, थोडी ओढाताण जमत असेल तर एएम ५, असं माझं मत.

आणि एसएमपीएस. घरोघरी पैसे वाचवले जातात ते नेमके इथे, आणि इथेच वाचवू नयेत. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा बिननावाचा एसएमपीएस घेऊ नका. मुलाला वही-पेन घेऊन बसवा आणि बेरीज करायला सांगा. प्रोसेसर ६५ वॅट. पुढे रेडिऑन आरएक्स ६६०० सारखं कार्ड घेतलं तर १३२. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. झाले २४७. ताण आला की हे भाग थोडं जास्तच ओढतात आणि उद्या मोठं कार्डही येईल, म्हणून ५०० ते ५५० वॅटचा घ्यावा. पण खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, लेबलवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. प्रोसेसर आणि कार्ड तिथूनच वीज घेतात. ३७ अँपिअर असेल तर १२ गुणिले ३७, म्हणजे ४४४ वॅट. सातवीच्या मुलाला हे सहज जमतं! जुनं कार्ड चालू करून, तपासून घेतलं तर चालेल. जुना एसएमपीएस मात्र नकोच.

किंमती इथे देत नाही, दर सारखे बदलतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तरी दोन-तीन दुकानांत विचारा आणि प्रत्येक भागाचा नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटीसाठी तेच कामी येतं. घरी तीन पिनांचं, अर्थिंग असलेलं सॉकेट आहे ना, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

जोडणी वाटते तेवढी अवघड नाही. काम चालू असताना अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. तो आपल्या वजनानं खाली बसतो, दाबायचा नाही. रॅमला मात्र जोर लागतो, 'कट्' आवाज यायला हवा. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी वापरा. सगळ्यात किचकट म्हणजे पॉवर बटणाच्या त्या बारीक वायरी. तिथे मदरबोर्डचं पुस्तक उघडून चित्र बघायचं, अंदाजानं लावायच्या नाहीत.

पुढे कधी ग्राफिक्स कार्ड बसवाल, तेव्हा मॉनिटरची केबल मदरबोर्डमधून काढून कार्डात लावा. ती जुन्याच जागी राहिली तर गेम आतल्या ग्राफिक्सवरच चालत राहतील, आणि नवं कार्ड नुसतं बसून राहील.